पहिलटकरणीचे प्रसूतिभय आणि वैद्याचे कर्तव्य

गर्भिणीपरिचर्या हा विषय आपल्या व्यवसायबंधूंना नवा नाही. मासानुमासिक पथ्य, नवव्या महिन्यातील बस्ती व पिचु, सूतिकाकाळातील अभ्यंग, शेक, धुरी हे सर्व आपण महाविद्यालयात शिकलो आणि आपापल्या परीने आचरणातही आणतो. गर्भिणी तपासणीस आली की तिचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन व सोनोग्राफीचा अहवाल यांची नोंद होते. परंतु ‘तुला प्रसूतीची भीती वाटते का, आणि नेमकी कशाची वाटते?’ हा प्रश्न आपल्या केसपेपरवर सहसा कोठेही छापलेला नसतो. पहिलटकरणीच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न सर्वांत आधी विचारावयास हवा, असे आमचे मत आहे.

करमाड हे छत्रपती संभाजीनगर–जालना मार्गावरील गाव. एका अंगाला शेंद्र्याची औद्योगिक वसाहत, तर दुसऱ्या अंगाला कापूस व मक्याची शेती. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या पहिलटकरणी ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिली शेतकरी घरातील सून. तिच्याभोवती सासू, जावा, नणंदा, शेजारणी असा मोठा गोतावळा असतो आणि प्रत्येकीकडे आपल्या बाळंतपणाची एकेक कथा तयार असते. दुसरी कामगाराची पत्नी. ती एका खोलीच्या बिऱ्हाडात राहते, माहेर शेकडो किलोमीटर दूर आणि पती पाळीच्या कामावर. पहिलीला ऐकविणारे फार, तर दुसरीला ऐकून घेणारे कोणीच नाही. भीती मात्र दोघींनाही सारखीच असते.

भयाचे स्वरूप

‘बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म’ हे वाक्य आपल्याकडे सहज बोलले जाते. बोलणारीच्या मनात त्या कष्टांविषयी आदर असतो, परंतु ऐकणाऱ्या पहिलटकरणीला त्यातून मृत्यूची सूचना मिळते. शांतपणे विचारले असता या भयाचे निरनिराळे पदर उलगडतात. काहींना कळांची भीती असते, काहींना मरणाची. काहींना बाळ अधू निपजेल असे वाटते. अनेकींना परक्या माणसांपुढे वस्त्रे उतरविण्याची व आतून होणाऱ्या तपासणीची लज्जा असते, आणि ती लज्जाच भीतीचे रूप घेते. बाळंतखोलीत ओरडल्यास रागावतात, असे मैत्रिणींकडून ऐकून कित्येकजणी धास्तावलेल्या असतात. कोणाला शस्त्रक्रियेचे भय, तर कोणाला शस्त्रक्रियेस नकार मिळाला तर काय, याचे भय.

या यादीत आणखी एक भय आहे, आणि ते आपल्या भागात तरी नजरेआड करून चालणार नाही. ‘मुलगी झाली तर?’ हे ते भय होय. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, तर मराठवाड्यातीलच बीड जिल्ह्यात हे प्रमाण ८०७ इतके खाली गेले होते. ज्या समाजात असे आकडे निघतात, त्या समाजातील पहिलटकरीण प्रसूतीच्या कळांपेक्षा प्रसूतीनंतर घरच्यांच्या चेहऱ्यांवर काय उमटेल, यालाच अधिक भीत असेल तर नवल नाही.

आमच्या पाहण्यातील एका गर्भिणीस सातव्या महिन्यापासून वारंवार द्रवमलप्रवृत्ती होत असे. ग्राही औषधे देऊनही फरक पडत नव्हता. नीट विचारता असे दिसून आले की, घरात प्रसूतीच्या तारखेचा विषय निघाला की त्या दिवशी हा त्रास हमखास होई. सासूबाई प्रेमळ होत्या, परंतु ‘नातूच पाहिजे बरं का’ हे त्यांचे थट्टेतील वाक्य त्या मुलीच्या मनात खोल रुतले होते. अशा रुग्णेत कुटज किती उपयोगी पडणार? भयज अतिसार चरकांनी चिकित्सास्थानात वर्णिला आहे आणि त्याच्या चिकित्सेत हर्षण व आश्वासन यांना स्थान दिले आहे. सासूबाईंना वेगळे बसवून त्यांच्याशी बोलणे हीच तेथे मुख्य चिकित्सा ठरली.

थोडे भय सर्वच पहिलटकरणींना वाटते आणि ते स्वाभाविकही आहे. तेच भय झोप, भूक व नित्यकर्मे यांत अडथळा आणू लागते, तेव्हा त्याला विकृतीच मानावे लागते. पाश्चात्त्य वैद्यकात २००० साली क्रिस्टिना हॉफबर्ग व इयान ब्रॉकिंग्टन यांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’ मध्ये २६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या अतिरेकी भयास ‘टोकोफोबिया’ हे नाव रूढ केले. पहिल्या गर्भारपणापूर्वीपासूनच असणारे भय व आधीच्या क्लेशकारक प्रसूतीनंतर उत्पन्न झालेले भय असे त्याचे भेदही त्यांनी केले. नाव नवे असले तरी अवस्था जुनीच आहे.

ग्रंथोक्त विचार

भयाने वायूचा प्रकोप होतो, हे आपले मूलभूत सूत्र आहे. गर्भनिष्क्रमण हे अपानवायूचे कर्म. अपान आपल्या मार्गाने व आपल्या गतीने चालला तर प्रसव सुखाने होतो. भयाने त्याचे अनुलोमन बिघडले तर आवी अनियमित होतात, स्त्री थकते, मल-मूत्राचा अवरोध होतो आणि प्रसव लांबतो. गर्भधारणा टिकविणाऱ्या भावांमध्ये सौमनस्य श्रेष्ठ आणि रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषाद अग्रेसर, असे चरकांनी सूत्रस्थानातील अग्र्यसंग्रहात सांगितले आहे. गर्भिणीस तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राप्रमाणे, न हिंदकळू देता जपावे, ही त्यांची उपमा तर सर्वश्रुत आहे.

तथापि आम्ही वाचकांचे लक्ष शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायातील काही व्यावहारिक सूचनांकडे वेधू इच्छितो. सूतिकागार नवव्या महिन्यापूर्वीच सिद्ध करावे, नवव्या महिन्यात शुभदिनी गर्भिणीने त्यात प्रवेश करावा आणि तेथेच राहून प्रसवकाळाची वाट पाहावी, असा तेथे विधी आहे. या विधीचा अर्थ केवळ स्वच्छतेपुरता नसावा. कळा सुरू होतात तेव्हा ती खोली, तेथील साहित्य व तेथील माणसे त्या स्त्रीच्या परिचयाची झालेली असतात. आजच्या पहिलटकरणीला बाळंतखोलीचे प्रथम दर्शन ऐन कळांमध्ये, चाकाच्या खाटेवरून होते. हा फरक विचार करण्याजोगा आहे.

दुसरी सूचना परिचारिका स्त्रियांविषयी आहे. ज्यांना अनेक बाळंतपणांचा अनुभव आहे, ज्या स्नेहशील, प्रसंगावधानी, स्वभावतःच वत्सल, विषाद न करणाऱ्या व कष्ट सोसणाऱ्या आहेत, अशा स्त्रिया तिच्याजवळ असाव्यात, असे चरक म्हणतात. सुश्रुतांनी तर संख्याही सांगितली आहे. प्रौढ वयाच्या, प्रसवकर्मात कुशल, नखे कापलेल्या आणि जिच्याविषयी गर्भिणीच्या मनात शंका नाही अशा चार स्त्रिया त्यांना अपेक्षित आहेत. कापलेली नखे आणि शंकारहित मन या दोहोंना त्यांनी एकाच ठिकाणी स्थान दिले आहे. एक जंतुसंसर्गाचे निवारण, तर दुसरे भयाचे.

तिसरी सूचना मुसळासंबंधीची. कळा लागलेल्या स्त्रीने उठून मुसळाने धान्य कांडावे, असे काहींचे मत चरकांनी नोंदविले आणि भगवान आत्रेयांच्या मुखाने ते खोडून काढले. त्या वेळी सर्व धातू व दोष प्रचलित असतात, सुकुमार स्त्रीच्या ठिकाणी अशा श्रमाने वायू कुपित होऊन प्राणांवर बेतू शकते, म्हणून जांभया देणे व येरझारा घालणे एवढेच करावे, असा त्यांचा निर्णय आहे. आवी नसताना कुंथू नये, प्रथम हलका व पुढे क्रमाने अधिक जोर लावावा, हाही उपदेश तेथेच आहे. आणि शेवटी, ती जोर लावीत असता भोवतालच्या स्त्रियांनी ‘झालेच, सुटलीस’ अशा अर्थाचे हर्षाचे शब्द उच्चारावेत, कारण त्या हर्षाने तिचे प्राण पुष्ट होतात, असे कारणही दिले आहे. प्रसूतीच्या वेळी रागावू नये एवढेच सांगून शास्त्र थांबलेले नाही. धीराचे शब्द हा तेथे प्रसवकर्माचा भाग आहे.

आनंदीबाईंचे स्मरण

या विषयात महाराष्ट्राला एका पहिलटकरणीचे विस्मरण होऊ नये. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना माता झाल्या. त्यांचे बाळ दहा दिवसच जगले. योग्य वैद्यकीय साहाय्य मिळाले असते तर, ही सल त्यांच्या वैद्यक शिकण्याच्या निश्चयामागे होती. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’. परदेशात, आधुनिक वैद्यकाच्या पदवीसाठी, एका मराठी मुलीने आपल्याच प्राचीन प्रसूतिविचाराची मांडणी केली, ही आपल्या क्षेत्रास भूषणावह गोष्ट आहे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्यांचे क्षयाने निधन झाले.

हिंदुस्थानात स्त्री-वैद्यांची नितांत आवश्यकता आहे, असे त्या परदेशी जाण्यापूर्वी जाहीरपणे सांगत होत्या. पुरुष वैद्यापुढे संकोचाने गप्प राहणाऱ्या स्त्रिया त्यांच्या नजरेसमोर होत्या. आज स्त्री-वैद्यांची वाण राहिलेली नाही, परंतु तो संकोच व त्यापोटीची भीती अद्याप पुरती गेलेली नाही.

आधुनिक संशोधनाची साक्ष

इंग्लंडमधील प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व पुढील लिखाणात भय, ताठरपणा व वेदना यांचे चक्र मांडले. भयाने शरीर ताठरते, ताठरल्याने वेदना वाढते, वेदनेने भय आणखी वाढते, असा तो विचार. त्यांची सर्वच मते पुढे टिकली नाहीत. वेदना केवळ भयातून येते असे म्हणणे स्त्रियांवर अन्याय करणारे होईल, कारण प्रसववेदना खरीच असते. पण भय तिला वाढविते, हे पुढील अभ्यासांशी जुळते. नॉर्वेतील २,२०६ स्त्रियांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीचे तीव्र भय असणाऱ्या स्त्रियांचा प्रसवकाळ, इतर कारणांचा परिणाम वजा केल्यावरही, सुमारे ४७ मिनिटांनी अधिक आढळला. त्याच अभ्यासातील दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. भय असणाऱ्या स्त्रियांपैकी बहुसंख्य स्त्रियांची प्रसूती योनिमार्गानेच झाली.

सोबतीच्या उपयोगाविषयीचा पुरावा याहूनही बळकट आहे. २०१७ च्या कॉक्रेन समीक्षेत २६ चाचण्या व पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. प्रसवकाळात अखंड सोबत लाभलेल्या स्त्रियांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक, शस्त्रक्रियेचे प्रमाण कमी, प्रसवकाळ काहीसा कमी आणि अनुभवाविषयीची नाराजीही कमी आढळली. भारत सरकारने २०१६ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांतील प्रसूतीत सोबतीणीस मुभा देणाऱ्या सूचना काढल्या आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत स्त्रीच्या पसंतीची सोबत असावी, असे स्पष्ट म्हटले. सुश्रुतांच्या चार स्त्रिया मागल्या दाराने का होईना, परत आल्या म्हणावयाचे.

भयाचे निराकरण करताना खरी आकडेवारीही हाताशी असावी. नमुना नोंदणी पाहणीनुसार २००१–०३ या काळात महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे १४९ मातांचा मृत्यू होत असे. २०१८–२० मध्ये हे प्रमाण ३३ वर आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५–०६ साली राज्यातील ६४.६ टक्के प्रसूती दवाखान्यांत झाल्या होत्या, त्या २०१९–२१ मध्ये ९४.७ टक्के झाल्या. सासूबाईंच्या काळातील कथा खोट्या नाहीत, परंतु तो काळ बदलला आहे, हे पहिलटकरणीस या आकड्यांच्या आधारे सांगता येते. त्याच पाहणीत राज्यातील शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतींचे प्रमाण २५.४ टक्के आहे. म्हणजे चौघींपैकी तिघी नैसर्गिक मार्गाने बाळंत होतात, हेही सांगावे.

चिकित्साक्रम

आम्ही अवलंबिलेला क्रम येथे देत आहोत. त्यात असाधारण असे काही नाही. मात्र तो नियमाने पाळावा लागतो.

प्रथम श्रवण. चौथ्या-पाचव्या महिन्यात एक भेट केवळ बोलण्यासाठी ठेवावी. सासू, आई वा पती यांना काही वेळ बाहेर बसवून गर्भिणीस एकटीस ऐकावे. ‘भिऊ नकोस’ हे वाक्य उच्चारण्याची घाई करू नये. ‘कशाची भीती वाटते, आणि ती कोणाकडून ऐकलीस?’ असे विचारावे. बहुधा एखादी चुलतबहीण, एखादी शेजारीण, एखादा जुना प्रसंग बाहेर येतो. भयाला नाव मिळाले की निम्मे काम होते.

दुसरे ज्ञान. मानसविकारांच्या चिकित्सेत चरकांनी ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी हा क्रम दिला, त्यात ज्ञान प्रथम आहे. खऱ्या व खोट्या कळांतील भेद साध्या शब्दांत शिकवावा. खोट्या कळा विश्रांतीने वा चालण्याने ओसरतात. खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात आणि त्यांचे अंतर घटत व जोर वाढत जातो. दोन कळांमध्ये मोकळा वेळ असतो, हे कित्येकींना ठाऊकच नसते. कळ म्हणजे तासन्‌तास अखंड चालणारी वेदना, अशी त्यांची समजूत असते. पहिल्या खेपेस गर्भाशयमुख पाच सेंटिमीटर उघडल्यानंतरचा काळ साधारणतः बारा तासांपलीकडे जात नाही आणि त्यापूर्वीचा काळ बराच लांबू शकतो, हे आधी सांगून ठेवावे. म्हणजे ‘सकाळपासून कळा येतायत आणि अजून काहीच नाही’ या विचाराने धीर सुटत नाही. पाणमोट फुटणे, वार पडणे, टाके घालणे, बाळाला लगेच अंगावर घेणे हा सर्व क्रम तिला पाठ असावा.

तिसरे स्थानपरिचय. आठव्या महिन्यात गर्भिणीस, जेथे प्रसूती ठरली आहे तो दवाखाना दाखवून आणण्यास कुटुंबास सांगावे. खोली, खाट, स्वच्छतागृह व तेथील परिचारिका यांची ओळख करून घ्यावी. सोबतीणीस आत येऊ देतात का, हे आधीच विचारून ठेवावे. रात्री निघावे लागल्यास वाहन कोणते, १०८ किंवा १०२ ला दूरध्वनी कोण करणार, कागदपत्रांची पिशवी कोठे, हेही ठरवून ठेवावे. कामगारवस्तीतील ज्या गर्भिणीचा पती रात्रपाळीला असतो, तिचे भय या एका गोष्टीने किती हलके होते, ते आम्ही वारंवार अनुभवले आहे. आशा कार्यकर्ती येथे आपली मोठी सहकारिणी ठरते.

चौथे शरीराची सिद्धता. मासानुमासिक क्रमातील दूध, तूप, आठव्या महिन्यातील दुधातील यवागू यांमुळे बल टिकते आणि वाताचे शमनही होते. झोपण्यापूर्वी तळपायांस व मस्तकास तेल लावणे हा निरुपद्रवी व प्रभावी उपाय आहे. सकाळ-संध्याकाळ चालणे, दीर्घश्वसन, श्वास सोडताना जबडा व खांदे सैल सोडण्याचा सराव हे नियमाने करवून घ्यावे. नवव्या महिन्यातील अनुवासन व पिचु ही शास्त्रोक्त कर्मे होत, परंतु वार खाली असणे, रक्तस्राव, पाणी जाणे किंवा अकाली कळा या अवस्थांत ती करू नयेत. सोनोग्राफीचा अहवाल पाहून व प्रसूती करणाऱ्या तज्ज्ञांस कळवूनच ती करावीत.

पाचवे कुटुंबाचे प्रबोधन. डोहाळजेवणाच्या आधी सासू व आई यांना एकत्र बोलवावे. अडलेल्या बाळंतिणींच्या कथा गर्भिणीसमोर सांगू नयेत, ही विनंती करावी. मुलगा-मुलगी हा विषय थट्टेतही नको, हे ठामपणे सांगावे. पतीस वेगळे सांगावे की, त्याने काही विशेष करावयाचे नाही, रोज संध्याकाळी अर्धा तास तिच्याजवळ बसून ऐकावयाचे.

आपली वाणी

येथे आपल्या क्षेत्राविषयी थोडे परखडपणे लिहिणे भाग आहे. गर्भसंस्कार या नावाने आज अनेक ठिकाणी वर्ग चालतात. त्यांतील चांगले ते चांगलेच. पण काही ठिकाणी ‘आईने अमुक विचार केला तर बाळ असे निपजेल’ अशी वाक्ये गर्भिणीस ऐकविली जातात. ग्रंथांत शोकनित्य मातेच्या अपत्याविषयी वचने आहेत, हे खरे. परंतु ती वैद्याने व कुटुंबाने गर्भिणीस कसे जपावे, हे सांगण्यासाठी आहेत. आधीच भ्यालेल्या मुलीस ‘तू भ्यालीस तर बाळाचे नुकसान होईल’ असे सांगणे म्हणजे तिच्या भयात अपराधाची भर घालणे होय. दिवसभर प्रसन्न राहण्याची सक्ती हाही एक छळच. रडू आले तर रडावे, त्याने बाळाला काही होत नाही, एवढे जरी आपण म्हटले तरी तिचा चेहरा पालटतो.

‘नॉर्मलच होईल’ अशी हमीही कोणी देऊ नये. एक कामगारपत्नी आमच्याकडे सहाव्या महिन्यात आली, ती ‘मला सिझरच करायचंय’ असे म्हणत. तिच्या मावसबहिणीचा प्रसूतीत रक्तस्रावाने मृत्यू झाला होता. वरील क्रमाने तिची तयारी करवून घेतली. रक्तस्राव थांबविण्याची कोणती साधने दवाखान्यात असतात, हे तिला समजावले. तिची आई दोन महिने आधीच येऊन राहिली. प्रत्यक्षात कळा सुरू झाल्यावर बाळाचे ठोके उतरले आणि शस्त्रक्रिया करावीच लागली. प्रसूतीनंतर भेटली तेव्हा ती म्हणाली, “डॉक्टर, सिझरच झालं, पण भ्याले नाही. काय चाललंय ते कळत होतं.” आमच्या मते ही चिकित्सा यशस्वी झाली. प्रसूती कोणत्या मार्गाने झाली, यावरून भयचिकित्सेचे मोजमाप करू नये. अन्यथा शस्त्रक्रिया झालेली प्रत्येक स्त्री स्वतःस अपयशी समजू लागते.

औषधविक्रेत्या बंधूंस विनंती

भ्यालेले कुटुंब वैद्याकडे येण्यापूर्वी अनेकदा औषधालयात येते. ‘बाळंतपण सोपं व्हावं म्हणून काहीतरी द्या’ ही मागणी आपल्या परिचयाची असेल. अशा वेळी पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात.

कळलावी, अर्थात लांगली, या वनस्पतीचे मराठी नावच तिचा लोकव्यवहारातील उपयोग सांगते. परंतु तिच्यात कोल्चिसिन हे तीव्र विष आहे आणि औषध नियमांच्या ‘ई-एक’ परिशिष्टात तिचा विषारी द्रव्यांमध्ये समावेश आहे. तिचा कंद वा मूळ प्रसूतीच्या कारणासाठी मागणाऱ्यास देऊ नये. गर्भपाल रसासारख्या कल्पांमध्ये हिंगुळ व नागभस्म, म्हणजे पारद व शिशाची द्रव्ये असतात. हिंगुळही त्याच परिशिष्टात आहे. शिसे गर्भापर्यंत पोहोचते, हे आज निर्विवाद आहे. अशी औषधे चिठ्ठीवाचून देणे कटाक्षाने टाळावे, आणि वैद्यांनीही ती लिहिण्यापूर्वी निर्धोक पर्यायाचा विचार करावा. अश्वगंधा निद्रेसाठी व चिंतेसाठी लोकप्रिय झाली आहे. गर्भारपणी मात्र ती स्वतःच्या मनाने घेऊ नये, असे ग्राहकास आवर्जून सांगावे. एरंडतेलाने कळा आणण्याचा घरगुती प्रयोगही जुलाब व शोष यांस कारणीभूत होतो. कळा वाढविण्याचे इंजेक्शन दवाखान्याबाहेर टोचणे तर प्राणघातकच. पुत्रप्राप्तीच्या नावाखाली कोणतीही पुडी विकणे हा कायद्याचा भंग आहेच, शिवाय एका मुलीच्या भयाचा तो व्यापार आहे.

याउलट, प्रसूतीनंतरचे डिंक, अळीव, बाळंतशेपा, शतावरी यांचे साहित्य नेण्यास आलेल्या आजीस ‘सुनेला धीर द्या बरं’ असे एक वाक्य विक्रेत्याने सांगितले, तर त्याचे मोल त्या साहित्याइतकेच आहे.

मर्यादा ओळखावी

प्रत्येक भय आश्वासनाने जाईल, अशी समजूत करून घेऊ नये. सलग दोन आठवडे झोप नाही, खाणे सुटले आहे, छातीत धडधड होऊन जीव घाबरा होतो, तपासणीस हात लावू देत नाही, पूर्वी अत्याचार घडल्याचे सुचविते किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलते, अशा गर्भिणीस विलंब न लावता मानसरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. तो क्रमांक आपल्या चिकित्सालयात लावून ठेवावा.

तसेच प्रत्येक तक्रार भयाच्या माथी मारू नये. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, १४०/९० वा अधिक रक्तदाब, अंगावरून रक्त वा पाणी जाणे, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास ‘घाबरली आहे’ असे न म्हणता तत्काळ रुग्णालयात पाठवावे. भयभीत स्त्रीचे म्हणणे दुर्लक्षिले जाण्याचा धोका अधिक असतो, म्हणून तिच्याबाबत आपण अधिक सावध असावे.

समारोप

जेथे प्रसूती होते, ती खोली आज बहुतांशी आपल्या हाती नाही, आणि आधुनिक शस्त्रक्रियागृहाची जोड मिळाल्याने माता वाचतात, हे आपण मोकळ्या मनाने मान्य करावे. परंतु प्रसूतीपूर्वीचे नऊ महिने आपल्या हाती आहेत. गावातील वैद्याकडे त्या कुटुंबाची दोन पिढ्यांची ओळख असते, त्याच्या शब्दास सासू व आई दोघीही मान देतात. ही पुण्याई मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञाजवळ असतेच असे नाही. तिचा विनियोग पहिलटकरणीस अभय देण्यासाठी व्हावा.

सर्व वैद्यबंधुभगिनींना आमची एकच सूचना आहे. आपल्या गर्भिणीपत्रकावर रक्तदाबाच्या रकान्याशेजारी ‘भय’ असा एक रकाना आखावा आणि प्रत्येक भेटीत तो भरावा. त्यासाठी ना खर्च आहे, ना उपकरण. रकाना असला की प्रश्न विचारला जातो, आणि प्रश्न विचारला की उत्तर ऐकावेच लागते.